आमच्या जंगलाला नामांकन

सिनेमा या विषयावर बोलण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी सिनेमा पाहतो तो चंद्रपुरात. आणि चंद्रपुरात मे महिन्यात माणूस सिनेमा निवडत नाही, थंड हवा निवडतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला, की पडद्यावर कोण आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. ए.सी. चालू आहे की नाही, एवढंच उरतं. या कसोटीवर माझा वर्षानुवर्षांचा अनुभव असा, की पुरस्कार मिळालेले सिनेमे सर्वांत उत्तम. कारण तिथे गर्दी नसते. तीनशे माणसांसाठी केलेला गारवा आम्हा अकरा जणांच्या वाट्याला येतो. त्यातले चारजण झोपलेले असतात. कलात्मक सिनेमात संवाद कमी असल्यामुळे झोपमोड होत नाही, हा आणखी एक गुण.

तर अशा रीतीने, केवळ उन्हाच्या कृपेने, मी बरेच पुरस्कारवाले सिनेमे पाहिले. पुढे मुलाने घरच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि उरलेलेही पाहिले. पण त्यावर मत द्यावं असं मला कधी वाटलं नव्हतं. ती वेळ माझ्यावर आमच्या साडूंनी आणली.

आमचे साडू पुण्याला असतात. फिल्म सोसायटीचे जुने सभासद. ते सिनेमा बघत नाहीत, अनुभवतात. एखाद्या सिनेमात पाच मिनिटं काहीच घडलं नाही, की आपण घड्याळ बघतो, साडू डोळे मिटून म्हणतात, "काय अवकाश दिलाय!" दरवर्षी ऑस्करचा मोसम आला, की त्यांचा मला फोन येतो.

"तुम्ही पाहिलात की नाही? पाहायलाच हवा. तुमच्याकडचाच आहे!"

आता 'तुमच्याकडचा' याचा अर्थ नीट समजून घ्या. साडूंच्या नकाशात नागपूर संपलं, की एकच एक हिरवा डाग सुरू होतो. छत्तीसगडची छावणी, मध्य प्रदेशातली वाघीण, तेलंगणातला गोंड, झारखंडमधलं खेडं, हे सगळं त्यांच्या लेखी 'तुमच्याकडचं'. सुरुवातीला मी भूगोल सांगत असे. मग सोडून दिलं. शेवटी झाडांना तरी कुठे ठाऊक असतं आपण कोणत्या राज्यात आहोत ते! आणि आपल्याकडचं काही एवढ्या लांब पोचतंय म्हटल्यावर छातीही थोडी फुगते. आमचं सागवान नाही का अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं! तसं आता जंगलही ऑस्करला गेलं, असं समजायचं.

फक्त एक भेद मला साडूंनीच शिकवला. 'ऑस्करला पाठवलेला' सिनेमा वेगळा, 'नामांकन मिळालेला' वेगळा आणि 'पुरस्कार मिळालेला' वेगळा. मी तो लगेच समजून घेतला, कारण दोन मुलींची लग्नं केलेला बाप आहे मी. पाठवणं म्हणजे पत्रिका आणि फोटो धाडणं. नामांकन म्हणजे कांदेपोहे. पुरस्कार म्हणजे अक्षता. आपल्या देशाने परभाषेतल्या सिनेमांच्या त्या विभागात १९५७ सालच्या 'मदर इंडिया'पासून पत्रिका धाडायला सुरुवात केली. कांदेपोह्यांपर्यंत प्रकरण आजवर तीनदाच गेलं: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि आपल्या आशुतोष गोवारीकरांचा 'लगान'. अक्षता एकदाही नाहीत. २००४ साली संदीप सावंतांचा 'श्वास' निघाला. तिकडे मुलगी दाखवायचा खर्च भारी असतो म्हणून महाराष्ट्रभर लोकांनी वर्गणी काढली. आमच्या शाळेतल्या मास्तरांनीही काढली. मी एकवीस रुपये दिले. त्यामुळे ऑस्करच्या कारभारात माझा एकवीस रुपयांचा वाटा आहे, आणि तेवढ्या अधिकारावर मी पुढचं बोलणार आहे.

पहिला मुद्दा 'न्यूटन'चा. अमित मसुरकरांचा हा सिनेमा २०१७ साली आपल्या देशाने ऑस्करला पाठवला. कांदेपोह्यांपर्यंत गेला नाही, पण गाजला. दंडकारण्यातल्या एका खेड्यात शहात्तर मतदार, आणि त्यांचं मतदान घ्यायला गेलेला एक सरळमार्गी कारकून. साडूंचा फोन आला, "बघा! काय तिरकस विनोद आहे!"

मी पाहिला. आणि साडूंना जिथे जिथे विनोद दिसला, तिथे तिथे मला माझी नोकरी दिसली. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. घर चंद्रपुरात, पण नोकरीची बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात काढली. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. बायकोने डब्यात तिखट पुऱ्या आणि खिशात अंगारा दिला. हेलिकॉप्टरमधून आम्हाला एका ठाण्यावर उतरवलं आणि तिथून पोलिसांच्या रांगेत पायी नेलं. आमच्याकडे अशा भागात मतदान दुपारी तीनला संपतं, कारण अंधाराच्या आत परतायचं असतं. मतदारांची इच्छा असो नसो, सूर्य आमच्या बाजूने नसतो. मी सकाळी यंत्र तपासलं, नमुना १७-सीचे कागद पुढ्यात घेतले आणि देवाचं नाव घेऊन लोकशाही सुरू केली.

नऊच्या सुमाराला एक म्हातारी आली. माडिया. बोटाला शाई लावून घेतली, आत गेली, बटण दाबलं, यंत्राने 'पीं' केलं. ती बाहेर आली आणि दाराशी उकिडवी बसली. दहा वाजले, अकरा वाजले, म्हातारी हलेना. मला वाटलं ऊन टाळते आहे. शेवटी गावातल्या एका शिकलेल्या पोराला विचारलं, ही थांबली कशाला? त्याने विचारून सांगितलं, "ती म्हणते, मशीन तर बोललं. आता साहेब काय बोलते, त्याची वाट पाहून राह्यली."

साहेब म्हणजे मी. मी काय बोलणार? "झालं म्हणावं," एवढं म्हणालो. पोराने ते तिला एका शब्दात सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग मी पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढून दिला. आचारसंहितेत हे बसतं की नाही, कोण जाणे. तीन वाजता आम्ही यंत्राला सील ठोकलं आणि आलो तसे निघालो. मागे वळून पाहण्याची कुणाची छाती नव्हती.

'न्यूटन' मला आवडला, हे आधीच सांगून टाकतो. खोटा नाही तो सिनेमा. राजकुमार रावच्या चेहऱ्यावरची ती नियमावलीवरची श्रद्धा मी स्वतः आरशात पाहिलेली आहे. तक्रार सिनेमा संपल्यानंतरची आहे, आणि ती माझी नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. माडिया. आता वनखात्यात नोकरीला आहे. सरकारी नोकर असल्यामुळे नाव सांगत नाही. कसल्याशा प्रशिक्षणाला चंद्रपुरात आला, तेव्हा चार दिवस आमच्याकडेच उतरला. मी मोठ्या हौसेने त्याला 'न्यूटन' दाखवला. म्हटलं, बघ, तुमच्याकडचाच आहे! (संगतीचा परिणाम.) पोरगा शेवटपर्यंत मान न हलवता बसला. सिनेमात शेवटी काही महिने उलटून गेलेले असतात. न्यूटनसाहेब मानेला पट्टा लावून आपल्या कचेरीत बसलेला असतो, गावातली ती मलको त्याला भेटायला येते. छान शेवट आहे. साडूंच्या भाषेत 'हळुवार'. मी पोराकडे पाहिलं. तो म्हणाला,

"सर, थो साहेब तं निंगून गेला. मंग त्या रातच्याला गावात का झालं जी?"

मी गप्प. वर्गात मी त्याला हजार प्रश्न विचारले असतील. त्याने मला विचारलेला हा पहिला. आणि याचं उत्तर सिनेमात नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, माझ्याकडेही नव्हतं. मला दाराशी उकिडवी बसलेली म्हातारी आठवली. तीन वाजता आम्ही निघून आलो. चार वाजता तिथे काय झालं? कोण आलं? बोटाची शाई बघून कुणी काय विचारलं? पंधरा दिवस मी प्रत्येकाला माझ्या हेलिकॉप्टरच्या गोष्टी सांगत होतो. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्या दिवसापासून माझा सिनेमा पाहण्याचा सगळा थंडपणा गेला. आता कोणताही जंगलातला पुरस्कारवाला सिनेमा लागला, की मी एकच गोष्ट बघतो: यात कॅमेरा कुणाबरोबर आला आणि कुणाबरोबर परत गेला?

करून बघा हा प्रयोग. सिनेमात साहेब जीपमधून येतो, कॅमेरा त्याच्या मांडीवर बसून येतो. साहेबाला डास चावले, की आपल्याला खाज सुटते. साहेब जीपमध्ये बसून निघाला, की कॅमेराही उडी मारून मागच्या सीटवर. मागच्या काचेतून चार बायका लहान लहान होत जाताना दिसतात, बासरी वाजते आणि पाट्या सुरू होतात. त्या बायकांची नावं त्या पाट्यांतही नसतात. असतात ती 'गावकरी' या एका शब्दात.

याच मसुरकरांची २०२१ ची 'शेरनी' घ्या. पांढरकवड्याची अवनी वाघीण २०१८ साली मारली गेली, ती आठवावी अशी गोष्ट. विद्या बालनला फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. आमच्या हिने मात्र अर्ध्या तासाने विचारलं, "अहो, यात वाघ कधी येतो?" चंद्रपूरकरांना सिनेमात वाघ कमी पडतो, हे समजण्यासारखं आहे. आमच्या वीज केंद्राच्या आवारात वाघ दिसतो, दुर्गापुरात बिबट्या दिसतो. त्यामानाने तिकीट काढून काय दिसलं? पण मला 'शेरनी' पटली. त्यातल्या खात्याच्या बैठका, पुढाऱ्यांची भाषणं, हौशी शिकारी आणि गुरं चारायला जागा कुठे ठेवलीत म्हणून भांडणाऱ्या बायका, सगळं बावनकशी. त्या बायका पडद्यावर आल्या, की मी सरसावून बसायचो. आता या बोलणार! आणि तेवढ्यात कॅमेरा बाईसाहेबांच्या चिंताग्रस्त चेहऱ्याकडे वळायचा.

आमच्या ताडोबातल्या वाघांना नावं आहेत. माया, मटकासुर, वाघडोह. त्यांचे फोटो, त्यांचे चाहते, त्यांच्या वंशावळी. त्याचा मला राग नाही. वाघ आहे म्हणून जंगल आहे, एवढं मास्तरला कळतं. पण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जी बाई वाकलेली असते, आणि वाकलेली असते म्हणूनच वाघाला ती माणूस वाटत नाही, तिची बातमी येते ती 'एक महिला ठार' अशी. आकडा तिचा, नाव वाघाचं. माझा तो विद्यार्थी या दोघांच्या मध्ये काठी घेऊन उभा असतो. त्याच्यावर सिनेमा आला तर मी 'माया'च्या फॅन क्लबाचं सभासदत्वही घ्यायला तयार आहे.

आता 'नाटू नाटू'कडे येतो. २०२३ च्या मार्चमध्ये 'आरआरआर'मधल्या या गाण्याला ऑस्कर मिळालं. या वेळी मुलगी बघायला नव्हे, थेट अक्षताच! साडूंनी मात्र फोन केला नाही. एवढं लोकांना आवडलेलं गाणं त्यांना अनुभवता येईना. मीच केला. म्हटलं, "अहो, हा खरोखरच आमच्याकडचा आहे!"

कारण त्या सिनेमातला भीम म्हणजे कोमराम भीम, गोंड. आदिलाबादच्या जंगलातला. आमचा राजुरा तालुका निजामाच्या राज्यात त्याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. 'जल, जंगल, जमीन' म्हणत हा माणूस निजामाशी लढला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. सिनेमात तो दिल्लीला जाऊन इंग्रजांशी लढतो. असो, सिनेमाला थोडी मोकळीक हवी. ज्या गाण्याला ऑस्कर मिळालं, ते युक्रेनमध्ये कीवच्या राजवाड्यासमोर चित्रित केलंय. गोंड वीर गॅलिस लावून नाचतो. तेही असो. आमच्या जिवती-राजुऱ्याकडे दिवाळीत डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा मुकुट चढवून घुसाडी नाचतात, तो मुकुट कीवला विमानात मावला नसता.

पण एक गोष्ट या मास्तराला 'असो' म्हणता येत नाही. सिनेमाच्या शेवटी दोस्त विचारतो, तुला काय हवं? भीम म्हणतो, मला अक्षरं शिकव. टाळ्या! आणि खऱ्या भीमाच्या चरित्रात काय सांगतात? तरुणपणी तो पळून आमच्या चांद्याला आला, एका छापखानेवाल्याकडे राहिला आणि लिहायला-वाचायला तिथे शिकला. म्हणजे ज्या गोंडाने चांद्याच्या छापखान्यात अक्षरं कमावली, त्याला पडद्यावर अडाणी ठेवून अक्षरांची भीक घातली! साडू म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." लावून घेतो. चांद्याने एका माणसाला अक्षरं दिली, एवढंच तर आमचं भांडवल. तेही पटकथेत गेलं.

आणि वीरच हवा होता, तर आमच्या घरात होता की! बाबुराव शेडमाके. १८५८ सालच्या २१ ऑक्टोबरला इंग्रजांनी त्याला आमच्या चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. २००९ साली त्याच्या नावाने पोस्टाचं तिकीट निघालं. सिनेमाचं तिकीट काढून त्याला भेटायचा योग मला अजून आलेला नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की या माणसाला पुरस्कारवाल्या सिनेमांचा आकसच आहे. मुळीच नाही. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' मी पहिल्यांदा ए.सी.साठी पाहिला आणि झोपलो. दुसऱ्यांदा घरी, पंख्याखाली पाहिला आणि झोप उडाली. त्यात शाहिराचं काम करणारे आमच्या नागपूरचे वीरा साथीदार कसे शांत उभे असतात! तारखेमागून तारीख, तारखेमागून तारीख. वनहक्काच्या पट्ट्यासाठी कचेरीच्या व्हरांड्यात बसणाऱ्या माणसाच्या आयुष्यात पाच पाच मिनिटं काहीच घडत नाही, पाच पाच वर्षं घडत नाही. साडूंचा 'अवकाश' मला त्या दिवशी समजला. २०२१ साली कोरोनाने साथीदार गेले, तेव्हा मी साडूंना आपणहून फोन केला होता. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आणि एका सिनेमाने तर माझी बोलतीच बंद केली. 'टू किल अ टायगर'. २०२४ साली ऑस्करच्या माहितीपटांत त्याला नामांकन होतं. नावात वाघ म्हणून आम्ही दोघं हौसेने बसलो. हिने फुटाण्यांची वाटीही घेतली होती. वाघ नव्हताच. झारखंडमधल्या खेड्यातला एक गरीब शेतकरी, त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार, 'मिटवून टाका' म्हणणारं सगळं गाव आणि न मिटवणारा तो बाप. फुटाणे तसेच राहिले. त्यात कॅमेरा त्या बापाच्या घरात राहतो. गावाने चालतं व्हायला सांगितलं, तरी राहतो. रात्र पडते, तरी राहतो. माझ्या विद्यार्थ्याने जे विचारलं, 'त्या रातच्याला का झालं', त्याचं उत्तर देण्यासाठी तो सिनेमा अंधारातही उघड्या डोळ्यांनी बसलेला होता. त्याला अक्षता मिळाल्या नाहीत. पण नामांकन या शब्दाला त्या दिवशी मी मनात नमस्कार केला.

म्हणजे हे जमतं. जमत नाही असं नाही. येऊन राहावं लागतं, इतकंच. प्रकाश आणि मंदाताई आमटे १९७० च्या दशकात हेमलकशाला आले आणि राहिले, म्हणून तर २०१४ साली त्यांच्यावर सिनेमा निघाला. आता पुढची पायरी म्हणजे, आधीपासूनच जो तिथे राहतोय, ज्याला कुठून येण्याची सोयच नाही, त्याच्यावर काढा. गोष्टी नाहीत का? धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. २००९ साली या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्यांना मिळाला त्यांपैकी हे गाव. पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी वनखात्याशी भांडले, आणि २०११ मध्ये केंद्रातल्या मंत्र्याला गावात येऊन वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती द्यावा लागला. या गावात बहुमताने ठराव होत नाही, एकमताने होतो. एक म्हातारा जरी 'नाही' म्हणाला, तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. याच्यावर सिनेमा काढा म्हणतो मी. नायक: सभा. खलनायक: बांबूला गवत न मानणारा कायदा. मारामारी नाही, नाच नाही, अवकाश भरपूर. साडू खूश.

हे सगळं मी साडूंना एकदा पुण्यात, त्यांच्याच बाल्कनीत, त्यांचाच चहा पीत ऐकवलं. आणि शेवटी माझी खरी मागणी सांगितली. म्हटलं, जंगलावरचा जो सिनेमा पुरस्काराला पाठवायचा, त्याचा पहिला खेळ भामरागडला करा.

साडू उडालेच. "अहो, सिनेमा म्हणजे काय रेशनचं धान्य आहे, तालुक्या-तालुक्यात पोचवायला? आणि तिथे टॉकीज तरी आहे का?"

तोच तर मुद्दा! आमच्या गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत सिनेमा पाहायला माणूस गावं ओलांडून कुठे जाणार? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागड जगापासून तुटतं; धान्यच आधी भरून ठेवावं लागतं. पण म्हणून काय झालं? हेलिकॉप्टरने मतदानयंत्र नेता येतं, तर पडदा नेता येत नाही?

"त्यांना कळणार आहे का तो सिनेमा?" साडूंनी ठेवणीतला बाण काढला.

यावर मात्र मला राग आला. साडूंच्या घरी रागावता येत नाही, म्हणून मी एक बिस्कीट जास्त खाल्लं आणि म्हणालो, "तुम्ही एकदा दिवाळीनंतर वडशाला या."

वडसा, म्हणजे देसाईगंज, ही आमच्या झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भाऊबीज झाली, मंडई भरली, की नाटकं सुरू. ती थेट होळीपर्यंत. रात्री दहा-अकराला पडदा वर जातो आणि कोंबडं आरवायच्या सुमाराला खाली येतो. जमीन उतरती खणून प्रेक्षागृह केलेलं, खाली तणस, अंगावर घोंगडी. धान कापून दमलेली माणसं बैलबंडीतून, मोटारसायकलवरून येतात आणि रात्रभर बसतात. नट चुकला तर तिथल्या तिथे सांगतात. बरोबर असला तर वन्स मोअर घेतात. ए.सी.साठी तिथे कुणीही आलेलं नसतं. याच रंगभूमीचे परशुराम खुणे, ज्यांना आमच्याकडे झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी 'नाटू नाटू'ला ऑस्कर. वर्तमानपत्रांनी कुठल्या बातमीला किती जागा दिली, ते तुम्ही आठवून बघा. अशा प्रेक्षकाला सिनेमा कळणार नाही? 'गावात त्या रातच्याला का झालं' हा प्रश्न पुण्यातल्या कोणत्या समीक्षकाने विचारला होता?

माझ्या नोकरीच्या काळात आमच्या गावात पाहुणे यायचे. चांगली माणसं. लहान पोरांचे, गोंदलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे. जाताना मास्तरांचा, म्हणजे माझा, पत्ता लिहून घ्यायचे, "नक्की पाठवतो हं!" म्हणायचे. पोरं महिनाभर रोज विचारायची, "सर, फोटो आला का?" मी म्हणायचो, येईल. पोस्टमनला पाहिलं की पोरं शाळेतून पळायची. एवढ्या वर्षांत एकही फोटो आला नाही. त्यातला एखादा कुठे प्रदर्शनात लागला असेल, त्याला बक्षीसही मिळालं असेल. मिळो. काढलाही चांगलाच असेल. ज्याचा काढला, त्याला एक प्रत पाठवा, एवढंच म्हणणं आहे. 'भामरागडला पहिला खेळ' ही माझी मागणी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, फोटोची प्रत आहे. ती पाहून आमची माणसं कदाचित म्हणतील, 'हे आम्ही नाहीच.' तेही ऐकायला मिळालं पाहिजे. परीक्षकांच्या आधी.

साडू त्या दिवशी काही बोलले नाहीत. वडशाला अजून आलेले नाहीत. पाठ दुखते म्हणतात, तणसावर बसवणार नाही. खुर्चीचंही तिकीट असतं, हे मी कळवलेलं आहे.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. आवाजात तोच जुना उत्साह. "अहो, एक नवीन येतोय! सगळे म्हणतायत, या वेळी नामांकन नक्की. पाहायलाच हवा. तुमच्याकडचाच आहे!"

"हो का?" मी म्हणालो, "मग आमच्याकडे कधी येतोय?"

पलीकडे काही ऐकू येईना. रेंज गेली असावी. या वेळी त्यांच्याकडची.